ताई, जरा बाजूला व्हा!

आपल्या महाविद्यालयाच्या सूचनाफलकाशेजारच्या काचेच्या पेटीत एक छायाचित्र लावले आहे. येता-जाता सर्वांनीच ते पाहिले असेल. गेल्या २ ऑक्टोबरला आपण बाजाराकडचा रस्ता झाडला, त्या वेळचे ते छायाचित्र आहे. त्यात तेवीस विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाच्या हातात खराटा आहे. डावीकडून चौथी मी. सगळे हसत आहोत, सगळ्यांचे कपडे स्वच्छ आहेत. रस्ता झाडून झाल्यावर कपडे इतके स्वच्छ कसे राहिले, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

या छायाचित्रात एक व्यक्ती नाही. ती म्हणजे रोज पहाटे तोच रस्ता झाडणारी सफाई कामगार बाई. आमच्या हातांतील अर्धेअधिक खराटे तिनेच आणून दिले होते. खराटा कसा धरावा म्हणजे धूळ अंगावर येत नाही, हेही तिनेच दाखवले. आम्ही ढीग करून ठेवलेला कचरा नंतर तिनेच गाडीत भरला. छायाचित्र काढताना ती आमच्या शेजारीच उभी होती. तेव्हा मी तिला म्हणाले, "ताई, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचा आहे." ती लगेच बाजूला झाली. तिला त्याचे काही वाटलेले दिसले नाही, आणि मलाही त्या दिवशी काहीच वाटले नाही.

वाटले ते नंतर, दिवाळीच्या सुटीनंतर. आमच्या सरांनी एका तासाला पडद्यावर काही छायाचित्रे दाखवली. ती सुधारक ओलवे या छायाचित्रकाराची होती. सगळी कृष्णधवल. मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार हा त्यांचा विषय. कोणी गटाराच्या भोकातून वर येतो आहे, कोणी कचऱ्याच्या गाडीवर उभा आहे, कोणी उघड्या हातांनी कुजलेला कचरा उपसतो आहे. मुंबईची छायाचित्रे मी पूर्वी पाहिली होती. समुद्र, दिव्यांची माळ, उंच इमारती, गेट वे. पण ही मुंबई मी पाहिली नव्हती. वर्गात कोणीतरी नाक दाबून हसले. मी मात्र त्या दिवशी हसू शकले नाही. 'ताई, जरा बाजूला व्हा' हे माझेच शब्द मला ऐकू येत होते.

ओलवे आपल्याच विदर्भाचे. १९६६ साली अकोल्यात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले आणि १९८८ पासून ते वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढू लागले. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचे आयुष्य कसे असते, याची कल्पना आपण करू शकतो. सकाळी मंत्र्यांचे उद्घाटन, दुपारी मोर्चा, संध्याकाळी क्रिकेटचा सामना. आज काढलेले छायाचित्र उद्या छापून येते आणि परवा त्याच कागदात भजी बांधली जातात. हे काम करीत असतानाच ओलव्यांनी सफाई कामगारांचा विषय हाती घेतला आणि तो वर्षानुवर्षे सोडला नाही. मुंबई महानगरपालिकेकडे असे सुमारे तीस हजार कामगार. रस्ते झाडणे, गटारे साफ करणे, कचरा गाड्यांत भरणे, तो कचराभूमीवर रिकामा करणे, ही त्यांची कामे. जवळजवळ सगळे दलित समाजातील. ओलवे त्यांच्या कामाच्या जागी गेले, तसेच त्यांच्या घरीही गेले. दुर्गंधी सहन व्हावी म्हणून माणूस दारू का पितो, हे गटारापाशी उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आणि त्या दारूने घराचे काय होते, हे घरात गेल्याशिवाय कळत नाही.

या कामाची दखल 'नॅशनल जिओग्राफिक'ने घेतली, ते परदेशात प्रदर्शित झाले. २०१६ साली ओलव्यांना पद्मश्री मिळाली. पुढे दलितांवरील अत्याचारांत ज्यांची माणसे गेली, त्या कुटुंबांच्या घरी जाऊनही त्यांनी छायाचित्रे काढली. वर्तमानपत्रातील मथळा विरून गेल्यावर त्या घरात कोण उरते, हे त्यांना दाखवायचे होते. छायाचित्रण सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी एक न्यासही काढला आहे. पण मला त्यांच्या पुरस्कारापेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. आपण सगळे छायाचित्र काढताना ज्याला बाजूला व्हायला सांगतो, त्याला ओलव्यांनी मध्यभागी उभे केले.

शहर दाखवण्याची ही एकच रीत आहे, असे मी म्हणत नाही. आपल्याच महाराष्ट्रात गोपाळ बोधे नावाचे छायाचित्रकार होऊन गेले. नौदलातील नोकरीमुळे त्यांना आकाशातून पाहण्याची संधी मिळाली आणि त्यांनी तिचे सोने केले. मुंबई शहर, समुद्रकिनारा, सह्याद्रीचे किल्ले, दीपगृहे हे सर्व त्यांनी वरून टिपले. २०१४ साली ते गेले. जमिनीवर उभे राहून किल्ल्याची एकच भिंत दिसते. तो किल्ला डोंगरावर कसा बसवला आहे, हे वरूनच कळते. शहर समुद्रात किती घुसले आणि त्याने खाडी किती गिळली, हेही वरूनच कळते. ही दृष्टी आवश्यक आहे. पण वरून माणूस दिसत नाही, हेही तितकेच खरे. पाऊस पाडणारे ढग आकाशातून सुंदर दिसतात, पण रोवणीच्या चिखलात उभी असलेली बाई तिथून दिसत नाही. म्हणून बोधे आणि ओलवे दोघेही हवेत. माझी तक्रार एवढीच आहे की पहिल्या प्रकारची छायाचित्रे आपल्याला भरपूर मिळतात आणि दुसऱ्या प्रकारची शोधावी लागतात.

आता आपल्या जंगलाकडे येते. शहराच्या छायाचित्रात झाडणारा नसतो, तसा जंगलाच्या छायाचित्रात कोण नसतो?

चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा हे आपल्या राज्यातले पहिले राष्ट्रीय उद्यान. १९५५ साली ते झाले आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाले. देशभरातून लोक तेथे हातभर लांबीच्या दुर्बिणीसारख्या भिंगांचे कॅमेरे घेऊन येतात. ताडोबाच्या वाघांची छायाचित्रे खरोखर अप्रतिम असतात. पाण्यात बसलेली वाघीण, धुक्यातून येणारा वाघ, आईच्या पाठीवर चढणारे बछडे. या छायाचित्रांनी शहरातल्या माणसाला जंगल आवडू लागले, हे मान्य केले पाहिजे. मोहर्लीसारख्या गावांत मार्गदर्शकांना आणि गाडीचालकांना काम मिळाले, हेही मान्य. परंतु या आवडीचे टोक कोठे जाते, तेही आपण पाहिले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण व तिचे बछडे यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले. छायाचित्रासाठी! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची आपण होऊन दखल घ्यावी लागली.

आमच्याकडचा वाघ वेगळा. तो छायाचित्रात नसतो, तो वाटेत असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात 'सीटी-१' नावाने ओळखला जाणारा वाघ पकडला गेला. त्याच्या हल्ल्यांत गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांतील तेरा माणसे मेली होती. त्या वर्षी माझी आजी मोहफुलांना गेली तेव्हा आम्ही घरची सगळी तिच्याबरोबर गेलो. एरवी ती पहाटे एकटीच जाते. मोह रात्री गळतो. उजाडायच्या आत गेले नाही तर गुरे आणि हरणे फुले खाऊन टाकतात. म्हणून वाघ असो की नसो, अंधारात जावेच लागते. फुले मातीत मिसळू नयेत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधी झाडून काढतात, मग वाकून एकेक फूल टोपलीत टाकायचे. चैत्राचे ऊन डोक्यावर येईपर्यंत कमरेत वाकून. पुढे मे महिन्यात तेंदूची पाने. सत्तर पानांचा एक पुडा. आजीला बेरीज-वजाबाकी लिहिता येत नाही, पण सत्तर पाने ती न मोजता हाताच्या अंदाजाने उचलते आणि त्यात एक कमी नसते की एक जास्त नसते.

आमच्या जंगलाची कितीतरी छायाचित्रे मी पाहिली. त्यांत वाघ होता, मोर होता, पळस होता, सूर्यास्त होता. आजी नव्हती. आमच्या भागात क्वचित कोणी आदिवासी माणसाचे छायाचित्र काढतोच, तर तो नाचत असतो. डोक्याला मोरपिसे, गळ्यात माळा. रेला आम्हीही नाचतो, आनंदाने नाचतो. पण वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कोणी नाचत नाही. बाकीच्या दिवसांचे काय?

बाकीच्या दिवसांपैकी एक दिवस मात्र सर्व देशाने पाहिला. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. आपल्या तालुक्यात दादापूरजवळ रस्त्याच्या कामावरची वाहने नक्षलवाद्यांनी जाळली, आणि नंतर जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पोलीस दलाचे पंधरा जवान व त्यांच्या गाडीचा चालक मरण पावले. मी तेव्हा शाळेत होते. दुसऱ्या दिवशीच्या प्रत्येक वर्तमानपत्रात कुरखेड्याचे नाव होते आणि त्याखाली रस्त्यात पडलेल्या खड्ड्याचे छायाचित्र होते. ते छापणे योग्यच होते. जे गेले त्यांचे मरण झाकून ठेवायचे नव्हते. पण मी पुढे शिक्षणाच्या निमित्ताने नागपूरला एका स्पर्धेसाठी गेले, तेव्हा गाव कोणते असे विचारल्यावर "कुरखेडा" म्हणताच समोरच्या मुलीने तोच खड्डा आठवला. तिचा दोष नव्हता. आमच्या गावाचे दुसरे कोणतेच चित्र तिच्यापर्यंत पोहोचले नव्हते. सती नदी नाही, पाण्याने काठोकाठ भरलेले तलाव नाहीत, झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर जागणारे लोक नाहीत, धानाच्या बांध्या नाहीत. एक गाव आणि एक खड्डा.

येथे दोन आक्षेप घेतले जातील, याची मला जाणीव आहे. वर्गातच ते घेतले गेले.

पहिला आक्षेप असा की छायाचित्राने बदलते काय? हाताने मैला उचलण्यावर बंदी आणि अशा कामगारांचे पुनर्वसन यांसाठी २०१३ साली कायदा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. मग ओलव्यांनी एवढी वर्षे घालवून मिळवले काय? या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण मी एवढे म्हणेन की छायाचित्राने गटार साफ होत नाही, हे छायाचित्रकाराला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते. तो एकच काम करतो. 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्याची सोय तो काढून घेतो. त्या तासानंतर माझी ती सोय गेली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दुसऱ्याच्या दुःखाचे सुंदर छायाचित्र काढणे म्हणजे त्याच्या दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे नव्हे काय? जगप्रसिद्ध छायाचित्रकार सेबास्तियाव साल्गादो यांच्यावरही हाच आरोप झाला. ब्राझीलमधील सोन्याच्या खाणीत चिखलाने माखलेले हजारो मजूर शिड्यांवरून पोती वाहत आहेत, अशी त्यांची १९८६ सालची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. पुढे माणसाचे क्रौर्य पाहून ते इतके खचले की त्यांनी काही काळ काम थांबवले. नंतर ते आपल्या उजाड झालेल्या वडिलोपार्जित जमिनीवर परतले आणि पत्नी लेलिया यांच्यासह १९९८ साली त्यांनी एक संस्था स्थापून तेथे जंगल लावायला सुरुवात केली. वीस लाखांहून अधिक झाडे तेथे लावली गेली. त्यानंतर त्यांनी निसर्गाची छायाचित्रे काढली, अ‍ॅमेझॉनच्या जंगलाची आणि त्या जंगलात राहणाऱ्या माणसांचीही. मे २०२५ मध्ये ते वारले. त्यांच्यावरील आरोप खरा की खोटा, हे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याच्याकडून घेतले त्याला काही परत करावे, हे त्या माणसाला कळले होते, असे मला वाटते. प्रदर्शन आणि साक्ष यांतला फरक मला येथे दिसतो. एकदा येऊन घेऊन जातो तो प्रदर्शन करतो. पुन्हा येतो, नाव विचारतो, काहीतरी परत देतो, तो साक्ष देतो.

आणि छायाचित्र ही चैन नाही, हे मला घरीच कळले. माझे आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. भिंतीवर लावायला त्यांचे एकही छायाचित्र घरात नव्हते. सत्तरी गाठलेला माणूस, आणि त्याचा चेहरा फक्त रोजगार हमीच्या कार्डावर होता. तोही आजी आणि काका यांच्यामध्ये, नखाएवढा. फोटो स्टुडिओवाल्याने तो मोठा केला. मोठा केल्यावर चेहरा पुसट झाला आणि खालचे शरीर उरलेच नाही, म्हणून त्याने संगणकावर आजोबांच्या अंगात निळा कोट घातला, गळ्यात टाय बांधला. जन्मभर बंडी आणि पंचा यांखेरीज काही न घातलेले माझे आजोबा आज भिंतीवर साहेब होऊन बसले आहेत. मला ते खोटे वाटले, मी रागावले. आजी मात्र बराच वेळ त्या कोटाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "चांगला दिसते."

पुढे मी आजीचे छायाचित्र मोहाच्या झाडाखाली काढायला गेले, तर तिने तोंडावर पदर घेतला. "फोटू कायले काहाडतेस वो? आंगावर धड लुगडा नाई माह्या." मी थांबले. आता माझ्या खिशात कॅमेरा आहे, आपल्या सर्वांच्याच खिशात आहे. आपण रोज स्वतःची दहा छायाचित्रे काढतो. पण ज्यांच्या कष्टावर आपण या वर्गात येऊन बसलो, त्यांच्यापैकी किती जणांची छायाचित्रे आपल्याकडे आहेत? आणि असली, तर त्यांना हवी तशी आहेत काय?

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाने कुरखेडा तालुक्याचा एक छायाचित्रसंग्रह सुरू करावा. त्याला फार पैसा लागत नाही. मोबाइल आहेत, विद्यार्थी गावोगावचे आहेत. नियम तीनच असावेत. आधी विचारायचे. खाली नाव, गाव आणि काम लिहायचे, 'एक आदिवासी स्त्री' असे नव्हे. आणि एक प्रत त्या माणसाच्या हातात द्यायची. वीस वर्षांनी कोणी या तालुक्याचा शोध घेईल, तेव्हा त्याला खड्ड्याखेरीज आणखी काही सापडेल.

लेख येथे संपवणार होते. पण ज्या छायाचित्राने सुरुवात केली त्याचे काय झाले, ते सांगितले पाहिजे.

जानेवारीत मी त्या सफाई कामगार ताईंकडे गेले. २ ऑक्टोबरचा प्रसंग त्यांना आठवत नव्हता. रोजच कोणीतरी बाजूला व्हायला सांगत असेल, तर कोणता दिवस लक्षात ठेवायचा? मी म्हटले, "ताई, तुमचा फोटो काढू का? रस्ता झाडताना." ओलव्यांची छायाचित्रे माझ्या डोळ्यांपुढे होती. पहाट, धूळ, खराटा. कृष्णधवल.

त्या म्हणाल्या, "खराटा घेऊन नोको काहाडू बाई. खराटा त रोजचाच हाये. घरी ये आयतवारी."

मी रविवारी गेले. त्यांनी ठेवणीतले हिरवे लुगडे नेसले होते. मुलगी सातवीत आहे, तिला सुटीच्या दिवशीही शाळेचा गणवेश घालून बसवले होते. दोघी खुर्च्यांवर ताठ बसल्या. मागे भिंतीला बाबासाहेबांची तसबीर. त्यांनी मला दोनदा छायाचित्र पुन्हा काढायला लावले, कारण तसबीर अर्धी येत होती.

त्याची प्रत मी त्यांना नेऊन दिली आहे. या लेखाबरोबर ती छापावी काय, असे मी विचारले. त्यांनी जरा विचार केला आणि नको म्हणाल्या. म्हणून या लेखाबरोबर छायाचित्र नाही, आणि त्यांचे नावही मी लिहिलेले नाही. ते मला आता माहीत आहे, एवढेच.